गर्भाशय-अस्तराची बाह्यरुग्ण तपासणी : पद्धतींचा तुलनात्मक इतिहास आणि कोल्हापूर परिसर

प्रास्ताविक

वैद्यकाचा इतिहास मराठीत बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग थोर डॉक्टरांच्या चरित्रांचे, दुसरे प्लेग, पटकी, देवी यांसारख्या साथींच्या हकिकतींचे. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज होणाऱ्या लहान तपासण्या या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिल्या. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही अशीच एक तपासणी होय. पाळीत अंगावरून फार जाणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, मूल न होणे अशा तक्रारींत तिची गरज पडते. नमुना चिमूटभर असतो. परंतु स्त्रीला कर्करोग आहे, संप्रेरकांचा असमतोल आहे, क्षयरोग आहे की चिंतेचे काहीच नाही, हे त्यावरून पुष्कळ अंशी समजते. 'पिशवी' काढावी की राखावी हा निर्णयही त्याच्याशी निगडित असतो.

प्रस्तुत निबंधात या तपासणीच्या पद्धती कशा बदलत गेल्या, स्थानिक भुलीने त्यात काय साधले व काय साधले नाही, आणि महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यात, या इतिहासाचा अर्थ काय, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे. निबंधाचे स्वरूप ऐतिहासिक आहे. वैद्यकीय सल्ला देणे हा त्याचा हेतू नाही. प्रतिपादन थोडक्यात असे की, या तपासणीतील प्रत्येक खरी प्रगती स्त्रीकडून कमी वेळ, कमी खर्च आणि कमी धोका मागणारी होती. म्हणून पद्धतींची तुलना केवळ उपकरणांच्या अचूकतेवर करणे अपुरे आहे.

१. आधी उपकरण, नंतर ज्ञान

गर्भाशयाचे अस्तर खरवडण्याचे पहिले सर्वमान्य उपकरण पॅरिसचे वैद्य जोसेफ रेकामिए यांच्या नावाने ओळखले जाते. १८४३ च्या सुमारास त्यांनी लांब दांड्याची, टोकाला चमच्यासारखी असलेली 'क्युरेट' वापरात आणली. मराठी बोलीत रुळलेला 'क्युरेटिंग' हा शब्द त्याच उपकरणावरून आला आहे. त्या काळी रासायनिक भूल उपलब्ध नव्हती. १८४७ मध्ये एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरला आणि त्यानंतर गर्भाशयमुख रुंद करून आतील अस्तर खरवडणे ही शस्त्रक्रियागृहातील नित्याची क्रिया होत गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अस्तर खरवडले जाऊ लागले तेव्हा निरोगी अस्तर कसे दिसते याचे पुरेसे ज्ञानच नव्हते. पाळीच्या चक्रात अस्तर जाड होते, त्यातील ग्रंथी वाढतात, वळणदार होतात आणि शेवटी अस्तर गळून पडते. या नैसर्गिक बदलांनाच एकोणिसाव्या शतकातील विकृतिशास्त्रज्ञ दाह समजत असत. १९०८ मध्ये व्हिएन्ना येथील हिट्शमन आणि आडलर यांनी हे बदल रोगाचे नसून चक्राचे आहेत, असे दाखवून दिले. निरोगी शरीराच्या नियमाला रोग ठरवून त्यावर उपचार करण्याची चूक अनेक दशके विद्वानांच्या मान्यतेने चालत राहिली, ही या इतिहासातील पहिली शिकवण होय. पुढे १९५० मध्ये नॉयस, हर्टिग आणि रॉक यांनी अस्तराच्या रचनेवरून चक्राचा दिवस सांगण्याचे निकष मांडले आणि वंध्यत्वाच्या तपासणीत नमुना घेणे जगभर रूढ झाले. २००४ मध्ये अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासाने या निकषांचा वंध्यत्वाच्या निदानाला उपयोग होत नाही असे दाखविले. तपासणी करता येते म्हणून ती करावीच असे नाही, हा दुसरा धडा.

२. शस्त्रक्रियागृहातून बाह्यरुग्ण विभागाकडे

संपूर्ण भूल देऊन क्युरेटिंग करावयाचे तर रुग्णालयात दाखल होणे, उपाशी राहणे, भूलतज्ज्ञ उपलब्ध असणे आणि किमान एक दिवस मोडणे ओघाने आले. या अडचणीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच सुरू झाले. बाल्टिमोर येथील हॉवर्ड केली यांनी १९२५ मध्ये भूल न देता तपासणीच्या टेबलावरच क्युरेटिंग करण्याचा पुरस्कार केला. त्याच शहरातील एमिल नोव्हाक यांनी १९३५ मध्ये पोकळ, बारीक आणि टोकाशी दातेरी फट असलेली क्युरेट मांडली. तिला मागून शोषण जोडता येई. बारीक नळी, त्यामुळे गर्भाशयमुख रुंद करण्याची गरज कमी, आणि त्यामुळे संपूर्ण भुलीचीही गरज कमी, अशी ही साखळी होती. पुढील सर्व उपकरणे याच सूत्रावर आधारलेली आहेत.

डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या 'व्हॅब्रा' शोषकाबद्दल येन्सन यांनी १९७० मध्ये ३५० स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात बारीक नळीला विद्युत पंपाचे शोषण जोडलेले असे. याच सुमारास हार्वे कारमन यांच्या नावाने ओळखली जाणारी लवचीक प्लास्टिकची नळी आणि हाताने निर्वात करावयाची मोठी सिरिंज प्रचारात आली. भारतात १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आल्यानंतर हे साहित्य शासकीय केंद्रांपर्यंत पोहोचत गेले. ते गर्भपातासाठी होते. परंतु ४ मिलिमीटरची कारमन नळी अस्तराचा नमुना घेण्यासही उपयोगी पडते, हे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या लक्षात आले. वीज नसली तरी चालणारे आणि अल्प खर्चाचे हे साधन आपल्याकडील परिस्थितीला साजेसे होते.

१९८४ मध्ये फ्रान्सच्या कॉर्निए यांनी 'पिपेल' प्रसिद्ध केली. ही सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, एकदाच वापरून टाकावयाची प्लास्टिक नळी असते. आतील दट्ट्या मागे ओढला की नळीत निर्वात पोकळी तयार होते आणि टोकाजवळच्या छिद्रातून अस्तराचे तुकडे आत येतात. पंप लागत नाही, वीज लागत नाही, बहुतेक वेळा गर्भाशयमुख रुंद करावे लागत नाही. क्रिया काही मिनिटांत आटोपते आणि स्त्री चालत घरी जाते.

३. पद्धतींची तुलना

नव्या पद्धतींच्या आधी जुन्या पद्धतीची परीक्षा पाहणे उचित होय. संपूर्ण भुलीखालील क्युरेटिंग दीर्घकाळ निदानाचा अंतिम निकष मानले जात असे. १९७५ मध्ये स्टॉक आणि कॅनबूर यांनी गर्भाशय काढण्यापूर्वी क्युरेटिंग करून नंतर काढलेले गर्भाशय तपासले. ५० पैकी ६० टक्के स्त्रियांमध्ये निम्म्याहून कमी अस्तर खरवडले गेले होते. ज्याला संपूर्ण तपासणी समजले जात होते ती मुळात अर्धवट होती. १९८२ मध्ये डेव्हिड ग्राइम्स यांनी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन, निदानासाठी बाह्यरुग्ण शोषणपद्धती अधिक सुरक्षित व स्वस्त असून अचूकतेत उणी नाही, असे मत मांडले.

बाह्यरुग्ण पद्धतींची आपापसांतील तुलना मात्र सरळ नाही. १९९३ च्या एका अभ्यासात पिपेलने अस्तराच्या पृष्ठभागापैकी सरासरी ४ टक्के, तर व्हॅब्राने सुमारे ४१ टक्के भागाचा नमुना मिळाला. या आकड्यांवरून व्हॅब्रा दहापट श्रेष्ठ ठरावी. तथापि कर्करोग बहुधा अस्तरात दूरवर पसरलेला असल्याने थोडा नमुनाही पुष्कळदा पुरतो. १९९१ मध्ये स्टोव्हाल आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाचे निदान आधीच झालेल्या ४० स्त्रियांत पिपेल वापरली, तेव्हा ३९ जणींत तो सापडला. १९९५ च्या ग्विडो यांच्या अभ्यासात मात्र ६५ पैकी ५४ जणींतच तो सापडला. निसटलेल्या रोगाचे स्थान पाहिले असता तो पुष्कळदा एखाद्या मशापुरता किंवा अस्तराच्या अगदी लहान भागापुरता मर्यादित होता. २००० साली डाइकहाउझेन आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यासांतील ७,९१४ स्त्रियांची माहिती एकत्र केली. पिपेलने पाळी थांबलेल्या स्त्रियांतील कर्करोग ९९.६ टक्के, तर पाळी चालू असलेल्या स्त्रियांतील ९१ टक्के प्रमाणात ओळखला. कर्करोगपूर्व अवस्था ओळखण्याचे प्रमाण ८१ टक्के होते.

या सर्वांचा मथितार्थ असा की, न पाहता घेतलेला नमुना पसरलेल्या रोगासाठी विश्वसनीय आणि एका जागी दडलेल्या रोगासाठी कमी विश्वसनीय असतो. नमुना निर्दोष आला आणि तरीही रक्तस्राव चालूच राहिला, तर तेथे थांबता येत नाही. अशा वेळी दुर्बिणीने आत पाहून नेमक्या जागेचा तुकडा घेणे श्रेयस्कर. गर्भाशयात दुर्बीण घालण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १८६९ मध्ये पँटालिओनी यांनी केला होता. परंतु इटलीतील बेटोकी यांच्या १९९० च्या दशकातील कार्यानंतर, चिमटा व उघडझाप करणारे उपकरण न लावता बारीक दुर्बीण आत नेणे शक्य झाले आणि तीही बाह्यरुग्ण विभागात आली. मात्र दुर्बीण, तिची निर्जंतुक निगा आणि प्रशिक्षित हात यांचा खर्च मोठा आहे. त्यामुळे पिपेल किंवा कारमन नळी ही पहिली पायरी आणि दुर्बीण ही दुसरी पायरी, असा क्रम आपल्या परिस्थितीत सयुक्तिक ठरतो.

४. स्थानिक भूल : शक्ती आणि मर्यादा

स्थानिक भुलीचा इतिहास १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वापरलेल्या कोकेनपासून सुरू होतो. १९२६ मध्ये जर्मनीत गेलर्ट यांनी गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंस औषध टोचून तेथील मज्जातंतू बधिर करण्याची पद्धत वर्णिली. १९४३ मध्ये स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आले. आजही हेच औषध प्रामुख्याने वापरले जाते.

या भुलीची मर्यादा शरीररचनेतच आहे. गर्भाशयमुखाच्या संवेदना त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंतून, तर गर्भाशयाच्या वरच्या भागाच्या संवेदना पाठीच्या दहाव्या मज्जातंतूपासून कमरेच्या पहिल्या मज्जातंतूपर्यंतच्या वाटेने जातात. मुखाभोवती टोचलेले औषध चिमटा लावण्याची व मुख रुंद करण्याची वेदना कमी करते. आतील अस्तर ओढले जात असताना येणारी कळ त्याने पुरती थांबत नाही. म्हणून नळीवाटे गर्भाशयाच्या पोकळीत सुमारे ५ मिलिलिटर २ टक्के लिग्नोकेन सोडणे आणि क्रियेच्या आधी तोंडाने वेदनाशामक गोळी देणे, हे उपाय पुढे आले. मुखाभोवतीच्या भुलीविषयीच्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ अभ्यास तपासले गेले. कोणतीही एक पद्धत वेदनेवर खात्रीचा ताबा देते असे आढळले नाही. शिवाय टोचण्याची स्वतःची वेदना असते. बारीक पिपेलसाठी अनेक स्त्रियांना टोचण्याची गरज भासत नाही; जाड नळीसाठी किंवा मुख घट्ट असल्यास ती भासते.

मात्रेचाही विचार आवश्यक आहे. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोस ४.५ मिलिग्रॅमपर्यंत मानतात. ४५ किलो वजनाच्या स्त्रीला ती सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के औषधाचे १० मिलिलिटर होते. आपल्याकडे कष्टकरी स्त्रीचे वजन पुष्कळदा याहूनही कमी असते. परदेशी ग्रंथांतील मात्रा वजन न पाहता उचलता येत नाही.

वेदनेची नोंद हा इतिहासाच्याही दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे. प्रारंभीच्या अहवालांत नमुना पुरेसा मिळाला की नाही हे काटेकोरपणे नोंदलेले आढळते. स्त्रीला किती दुखले हे बहुधा डॉक्टरच ठरवीत. वेदना स्त्रीनेच शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर सांगावयाची, ही रीत पुढील दशकांतील चाचण्यांत आली. ज्या दिवशी रुग्णाचे सांगणे पुरावा म्हणून नोंदवले जाऊ लागले, त्या दिवशी पद्धतींच्या तुलनेचा निकषच बदलला.

५. महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

स्त्रीने पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यावयाचे नाही, ही समजूत एकोणिसाव्या शतकात या तपासणीच्या वाटेतील पहिला अडसर होता. तो दूर करण्याच्या प्रयत्नांत कोल्हापूरचे स्थान मोठे आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी यांची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर झाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि ते काम त्यांच्या हातून घडले नाही. पुढे दरबाराच्या साहाय्याने मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली. तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'सीपीआर', म्हणून परिचित आहे. शेजारी मिरजेस विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून कार्यरत झाले.

नमुना घेणारा हात जितका महत्त्वाचा, तितकाच तो वाचणारा डोळा. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतीय विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. प्रयोगशाळा आणि विकृतिशास्त्रज्ञ नसतील तेथे बाटलीतील नमुन्याला मूल्य नाही. म्हणून या तपासणीचा प्रसार विकृतिशास्त्राच्या प्रसारापेक्षा वेगाने होणे शक्यच नव्हते.

भारतात या तपासणीला आणखी एक प्रयोजन लाभले, ते जननमार्गाच्या क्षयरोगाचे. पाश्चात्त्य देशांत विरळ झालेला हा रोग आपल्याकडे वंध्यत्वाचे महत्त्वाचे कारण राहिला. क्षयाच्या गाठी अस्तरात पक्व होण्यास वेळ लागतो आणि पाळीबरोबर त्या गळून जातात. म्हणून नमुना पाळीच्या थोडा आधी घेतात. क्षय मुख्यतः गर्भनलिकांत असतो, अस्तरात प्रत्येक वेळी उतरत नाही. त्यामुळे निर्दोष नमुन्याने तो नाकारता येत नाही. अस्तराच्या तपासणीचे पाश्चात्त्य नियम येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, याचे हे उत्तम उदाहरण होय.

ग्रामीण स्त्रीच्या तपासणीविषयीचे आपले डोळे उघडले ते गडचिरोलीतील संशोधनाने. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात मांडले. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्ग आढळले, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार होते आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. नोव्हाक यांच्या क्युरेटला ५४ आणि पिपेलला ५ वर्षे लोटली होती. येथे मात्र साधी तपासणीच पोहोचली नव्हती.

६. नमुन्याविना निर्णय

तपासणी पोहोचत नाही तेथे शस्त्रक्रिया पोहोचते, हा या इतिहासातील क्लेशदायक विरोधाभास आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत ते ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट एकच नसले तरी तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या टोळ्या हंगामात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतही येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले तर 'खाडा' धरून दंड कापला जातो. फडात शौचालय नाही, कोपीत पाण्याची सोय नाही. अशा स्थितीत अंगावरून जाणे हा आजार राहत नाही, तो रोजगारावरचा आघात ठरतो. वारंवार दवाखान्यात येणे परवडत नाही आणि 'पिशवी काढली की कटकट गेली' हे वाक्य पटते. कर्करोगाची भीती घातली की उरलासुरला विरोधही संपतो. वस्तुतः ती भीती खरी की खोटी हे सांगणारा नमुना बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत घेता आला असता. तरुण वयात अंडाशयांसह गर्भाशय काढल्यास हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे हे परिणाम पुढे आयुष्यभर सोसावे लागतात.

हा प्रश्न फक्त फडापुरता नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत यंत्रमाग सुरू केला. त्या उद्योगाच्या विस्तारात लगतचे कबनूरही यंत्रमागांचे गाव झाले. येथे कांड्या भरणाऱ्या स्त्रीची मजुरीही कामावर मोजली जाते. कोल्हापूर आणि मिरज तासाभराच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. परंतु संपूर्ण भुलीच्या क्युरेटिंगसाठी तिचा एक दिवस आणि सोबत येणाऱ्या माणसाचा एक दिवस, असे दोन रोजगार बुडतात. बाह्यरुग्ण तपासणीत हा भार अर्ध्या दिवसावर येतो. अचूकतेच्या तक्त्यांत हा हिशेब कोठेही दिसत नाही. तपासणी होणार की नाही हे मात्र तोच ठरवितो.

शासन व न्यायसंस्था यांनी अलीकडे याची दखल घेतली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश दिले.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, संपूर्ण भुलीखालील क्युरेटिंगची निदानातील श्रेष्ठता परंपरेने मानलेली होती, पुराव्याने सिद्ध झालेली नव्हती. दुसरा, पिपेल, व्हॅब्रा आणि कारमन नळी या तिन्ही पद्धती पसरलेला रोग ओळखण्यास उपयुक्त आहेत, परंतु रक्तस्राव थांबला नाही तर निर्दोष अहवालावर विसंबता येत नाही. तिसरा, स्थानिक भूल मुखाची वेदना कमी करते, गर्भाशयाची कळ पूर्णतः नाही. तेव्हा स्त्रीला हे आधी स्पष्ट सांगणे हा भुलीइतकाच आवश्यक भाग आहे. चौथा आणि प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने मुख्य निष्कर्ष असा की, महाराष्ट्रात आज उणीव उपकरणाची नाही, तर नमुना आणि निर्णय यांच्यामधील दुव्याची आहे. गर्भाशय काढण्यापूर्वी अस्तराचा नमुना घेतला होता काय, अहवाल काय आला आणि तो त्या स्त्रीला तिच्या भाषेत सांगितला गेला काय, हे तीन प्रश्न प्रत्येक केसपेपरवर विचारले गेले पाहिजेत.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी येथे कामाचे विस्तृत क्षेत्र आहे. संस्थानकालीन रुग्णालयांची दप्तरे, कारखान्यांच्या तळावरील स्त्रियांचे मौखिक कथन, गावोगावच्या आशा सेविकांचा अनुभव ही इतिहासाची साधने आहेत आणि ती अद्याप पुरेशी वापरली गेलेली नाहीत. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन ती संकलित केली, तर पुढील पिढीस या लहानशा तपासणीचा अधिक पूर्ण इतिहास लिहिता येईल, आणि कदाचित काही स्त्रियांना आपल्या शरीराविषयीचा निर्णय माहितीच्या आधारे घेता येईल.